मुक्ताआक्काचा नवस आणि आप्पांचा ओटा

आमच्या आप्पांना ऐन दुष्काळात नवं स्वयंपाकघर बांधायचं सुचलं, याचं मला तरी काही नवल वाटलं नाही. गावात हंडाभर पाणी नसताना ज्या माणसानं सोसायटीच्या दारात कारंजं बसवायचा ठराव मांडला होता, तो दुसरं काय करणार?

आप्पा म्हणजे आप्पाराव, माझ्या मालकांचे थोरले भाऊ आणि पंधरा वर्षांपासून गावच्या सेवा सोसायटीचे संचालक. त्यांची बायको मुक्ताबाई माझी जाऊ. तिला मी आक्का म्हणते. मी छबुबाई, गावची अंगणवाडीताई. दोन घरांना मिळून एकच अंगण, त्यामुळं त्यांच्या घरातलं मला सगळं दिसतं आणि जे दिसत नाही ते ऐकू येतं. सांगायचं आहे ते आक्काबद्दल, पण आप्पांना वगळून सांगता येत नाही. आप्पा कुठूनच वगळता येत नाहीत.

त्या हिवाळ्यात सोसायटीचा अभ्यास दौरा कोल्हापूरकडं गेला होता. दुष्काळात शेती कशी करावी, हे भरल्या नदीच्या काठी जाऊन शिकायचं फक्त संचालक मंडळालाच सुचू शकतं. तिथं कुणा चेअरमनच्या घरी जेवण झालं आणि आप्पांनी त्यांचं स्वयंपाकघर पाहिलं. ग्रॅनाइटचा काळाभोर ओटा, भिंतीतली कपाटं, काचेच्या दाराचा ओव्हन. झाला अभ्यास! परत आले ते धोंडीराम गवंड्याला सोबत घेऊनच. धोंडीरामनं पहिल्याच दिवशी आक्काची चूल, फडताळ, मोरी, सगळं पाडून सपाट केलं. पाडायला पाणी लागत नाही. बांधायला लागतं, हे दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या ध्यानात आलं.

टँकर यायचा आठवड्यातून एकदा. त्यात माणसांचंच भागत नव्हतं, भिंतींना कुठून पाजायचं? धोंडीराम मात्र इमानदार. रोज सकाळी यायचा, पाणी नाही हे बघायचा, चहा प्यायचा आणि जायचा. असे सहा महिने गेले. आप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या पडक्या भिंतीत उभं करून दाखवायचे, "इथं ओव्हन येनार बरं का." ओव्हन खोक्यासकट माझ्या घरात पडून होता. दिवसातले बारा तास लाईट नसायची, ती गोष्ट वेगळी.

पण आक्काच्या जिवाला घोर होता तो ओट्याचा नव्हता, तिच्या नातीचा होता.

शिवकन्या म्हणजे आक्काच्या लेकीची लेक. वय सहा वर्षं, वजन तेरा किलो. अंगणवाडीच्या काट्याला मीच लटकवली होती तिला, म्हणून सांगते. हातपाय काड्या आणि पोट नगाऱ्यासारखं. दिंद्रुडला तिच्या घरी सगळे उपाय करून झाले होते. शेवटी अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, या मुलीला गहू चालत नाही. गहू, मैदा, रवा, शेवया, बिस्किट, काही नाही. भांड्याला लागलेलं पीठसुद्धा नाही. आणि हे जन्मभर. तिची दिंद्रुडची आजी म्हणाली, "गहू खाऊन कुणी मरतं व्हय?" आणि पोरीला चपाती-दूध कुस्करून दिलं. दुसऱ्या दिवशी आक्का एसटीनं गेली आणि नातीला घेऊन आली. विहिणीशी काय बोलणं झालं ते तिनं सांगितलं नाही. मी दोनदा विचारलं, तरी नाही.

आता तुम्ही म्हणाल, आमचा भाकरीचा मुलूख, इथं गहू टाळायला काय अवघड? मलाही तसंच वाटलं होतं. आक्काला वाटलं नाही. जुन्या चुलीच्या खोलीत चाळीस वर्षांचं पीठ भिंतीच्या भेगांत बसलेलं. म्हणून खोली पाडली तेव्हा सगळ्या गावाला तिची कीव आली आणि तिला मात्र बरंच वाटलं. जनावरं सोसायटीच्या चारा छावणीत गेली होती, गोठा मोकळा होता. आक्कानं तो झाडला, सारवला, तीन दगडांची नवी चूल मांडली आणि दारात उभी राहून सांगितलं, "इथं गव्हाचा दाना येनार न्हाई. ज्याला चपाती लागती त्यानं छबूच्या घरी खावी." म्हणजे आप्पा माझ्या गळ्यात. जाऊ असावी तर अशी.

भाकरीवर शिवकन्या राहिली असती, पण पोर ते पोरच. सगळी लेकरं चहात बिस्किट बुडवायची आणि ही बघत बसायची. आक्काला ते बघवेना. तिनं ज्वारीच्या पिठाची बिस्किटं करायला घेतली. पातेल्यात धोंडीरामच्या ढिगातली वाळू चाळून घातली, तिच्यावर ताटली ठेवली, झाकणावर निखारे. ओव्हनला काय शिंगं असतात? पहिला घाणा निघाला तो अर्धा भुगा आणि अर्धा दगड. धोंडीरामनं एक उचलून दुसऱ्यावर आपटून बघितलं आणि म्हणाला, "काकू, ह्येची फरशी चांगली बसंल." आक्कानं त्याचा त्या दिवशीचा चहा बंद केला.

ज्वारीला चिकटपणा नसतो, हे भाकरी थापणाऱ्या बाईला काय सांगायचं. तरी पंधरा दिवस तिचा त्या पिठाशी झगडा चालला होता. कधी उकड काढून बघितली, कधी केळं कुस्करून. शेवटी भाजलेल्या जवसाची पूड कोमट पाण्यात भिजवली, ती चांगली बुळबुळीत झाली, आणि तिच्यात ज्वारीचं पीठ, गूळ, तूप, शेंगदाण्याचा कूट मळला. गोळा फुटला नाही. त्या दिवशीची नानकटाई मी खाल्ली. तोंडावर स्तुती करायची मला सवय नाही, म्हणून मी गुपचूप चार खाल्ल्या.

एवढं सगळं करून महिन्यानं पोरीला काट्याला लावलं तर वजन तेरा किलोच. पोट तसंच, ओकाऱ्या तशाच. आक्का काट्याकडं बघत राहिली. "छबू, तुझा काटा बिघडलाय." मी म्हणाले, "आक्का, काटा बरोबर हाय."

मग कळलं. गिरणीवाला सटवा रेशनचे गहू दळून झाले की त्याच जात्यावर आमची ज्वारी टाकायचा. आक्कानं जाऊन डॉक्टरचा कागद दाखवला. सटवा हसला. "काकू, चिमूटभर पिठानं काय व्हतंय?" शेजारची सुंदरबाई पोरीच्या हातात हळूच बिस्किट ठेवायची, का तर लेकराचा तळतळाट लागू नये. दुकानदार, मास्तर, एसटीचा कंडक्टर, जो तो दयाळू. "एकानं काय व्हतंय?" असं म्हणणारे मी मोजले तर सतरा निघाले. सगळे मिळून एका पोरीला मायेनं मारत होते.

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी आक्का गिरणीवर गेली तर गिरणी बंद. सटवा जातं उघडून, ब्रश मारून, फडक्यानं पुसत बसला होता. उपासाचं दळण दळायचं होतं ना! भगरीला गव्हाचा कण लागला तर लोकांचा उपास मोडंल. आक्का तिथंच पायरीवर बसली. मला नंतर म्हणाली, "पोरीच्या आतड्यासाठी ह्येला ब्रश सापडला न्हाई, छबू. म्हादेवासाठी सापडला."

दुसऱ्याच दिवशी तिनं देवळात बायकांपुढं जाहीर केलं, "म्या योगेश्वरी देवीला नवस बोललेय. शिवकन्या बरी व्हईस्तवर तिनं गहू सोडलाय. शिवायचासुद्धा न्हाई."

काय सांगू! जे डॉक्टरच्या सहीला जमलं नाही ते एका थापेत झालं. सटवा पहाटे जातं धुऊन पुसून पहिलं दळण आमचं काढायला लागला, वर पहिलं ओंजळभर पीठ कोंबड्यांना टाकायचा. सुंदरबाई बिस्किट खाताना पोर दिसली की पदराआड तोंड करायची. कंडक्टरनं तर तिकीट द्यायच्या आधी विचारलं, "माझ्या हाताला डब्याच्या चपातीचा वास हाय, चालंल का?" आणि आप्पा स्वतः सोसायटीच्या मीटिंगीत नातीच्या नवसावर दहा मिनिटं बोलले. डॉक्टरचा कागद त्यांनी आजवर वाचला नव्हता. तो ठराव नव्हता ना.

पोरगी भरली. चौदा, मग पंधरा, मग साडेपंधरा. पोट बसलं, गालाला रंग आला, अंगणात पळायला लागली. काट्याला लटकवलं की ओरडायची, "किती झाले, किती झाले?" मी आकडा सांगताना माझाच आवाज चढायचा.

फक्त आक्का एका शब्दाला चुकली होती. बरी व्हईस्तवर, म्हणाली होती ती. आणि नवस बोलला की तो फेडावा लागतो, हे आमच्या गावात तान्ह्या लेकरालाही माहीत.

मृगात पाऊस झाला, विहिरीला पाणी आलं. धोंडीरामला आता सबब उरली नाही, त्यानं महिन्यात ओटा, कपाटं, फरशी, सगळं उरकलं. छावणीतून जनावरंही परत आली. आप्पांनी एका दगडात दोन पक्षी मारले, ओट्याचं उद्घाटन आणि नवसाचं उद्यापन. गावजेवण. पोरगी बरी झाली, देवी पावली, आता पहिली पुरणाची पोळी शिवकन्येच्या तोंडात आजोबांच्या हातानं.

आक्कानं आठ दिवस सांगून बघितलं. "अवो, डॉक्टर म्हनले जन्मभर."

"अगं, डॉक्टरला देवीचं काय माहीत? नवस फेडायचा न्हाई म्हनतीस? पोरीवर कोप आनायचाय का?"

ज्या खुंटीला तिनं पोरीला सुखरूप बांधलं होतं तीच आता उपटून अंगावर आली होती. मी म्हणाले, खरं सांगून टाका. ती म्हणाली, "खरं सांगितलं की उद्यापासनं परत सतरा हात बिस्किट घेऊन येतील." मग तिनं पुरण भरलेलं ज्वारीच्या पिठाचं धिरडं करून ठेवलं, म्हणजे वेळेला तेच पुढं करता येईल. मलाही वाटलं, जमून जाईल.

उद्यापनाच्या दिवशी नव्या ओट्यावर पाच बायका पोळ्या लाटत होत्या. काळा ग्रॅनाइट पिठानं पांढरा झाला होता. शिवकन्या नवा झगा घालून पाटावर बसली होती. आक्का धिरड्याचं ताट घेऊन येतेय तोवर आप्पांनी तव्यावरची पहिली पोळी उचलली, तुपात बुडवली आणि घास केला. सोसायटीचे चेअरमन बघत होते ना! पोरीनं आ केला.

आक्कानं ताट टाकलं आणि नवऱ्याचं मनगट धरलं. सगळ्यांदेखत.

"नवस खोटा हाय," ती म्हणाली. "म्या कसलाबी नवस बोलले न्हाई. थाप मारली. तुमी आजाराला भीत न्हाई म्हनून देवीचं नाव घेतलं."

काय गलका उठला! सुंदरबाईनं कपाळाला हात मारला, "देवीशी खोटं बोललीस, मुक्ता?" चेअरमन चपला शोधायला लागले. सटवा तर रडकुंडीला आला, त्यानं पाच महिने पहाटे उठून जातं धुतलं होतं. माझं डोकंच सणकलं. मी ओरडले, "पोरगी ओकून ओकून पिवळी पडली तवा कुनी कपाळाला हात लावला न्हाई! का म्हनून? आता कोनाचं काय मेलंय?" एरवी भासऱ्यांपुढं, म्हणजे आप्पांपुढं, माझा आवाज निघत नाही. त्या दिवशी निघाला.

तेवढ्यात शिवकन्या बोलली. तिचं तोंड अजून अर्धं उघडंच होतं.

"आजी, मग म्या पोळी कधी खायची?"

आक्का तिच्यापुढं खाली बसली. "न्हाई खायची, राणी."

"मोठी झाल्यावर?"

"न्हाई."

"माझ्या लग्नात बी न्हाई?"

"लग्नात बी न्हाई."

"म्हातारी झाल्यावर?"

"म्हातारी झाल्यावर बी न्हाई."

पोरीनं विचार केला. दिंद्रुडला तिच्या उशाशी बसून मोठी माणसं काय काय बोलली असतील देव जाणे.

"म्हंजी म्या म्हातारी व्हनार का?"

आक्कानं पदराचा बोळा तोंडाशी धरला. आप्पांच्या हातात घास तसाच होता, तूप कोपरापर्यंत ओघळलेलं. त्यांनी तो घास ओट्यावर ठेवला.

"व्हनार," आप्पा म्हणाले. पंधरा वर्षांत त्यांचं इतकं आखूड भाषण मी ऐकलं नव्हतं. मग ते अंगणात गेले, हौदावर बसून साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, नखं घासली, परत धुतले, आणि मग येऊन नातीला उचललं.