मोडल्याची नोंद

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. अप्पा बिदर जिल्ह्यातल्या औरादला अडतीवर हमाली करायचे आणि हमालांच्या संघटनेची पत्रकं बंडीच्या खिशात घडी घालून आणायचे. मी ती त्यांना वाचून दाखवायची. पुढे मीच ती लिहायला लागले. कोऱ्या कागदावर सही करू नका, हे वाक्य मी किती पत्रकांत लिहिलं असेल, सांगता येणार नाही.

माल उतरवून टेम्पो मागे येताना चाक अप्पांच्या पायावर चढलं. चालवणारा ओळखीचाच. त्यानं त्याच टेम्पोत घालून त्यांना राज्याच्या सीमेपलीकडच्या हाडवैद्याकडे नेलं. आमच्याकडे हाड मोडलं की तिकडेच नेतात. अंड्याचा लेप, बांबूच्या कामट्या, वर फडकं. पैसे त्यानंच दिले. भला माणूस, असं सगळे म्हणाले. पोलिसांचं नाव मीही काढलं नाही.

दीड महिन्यानं कामट्या सोडल्या तर पाय वाकडा बसलेला. पोतं सोडाच, अप्पांना भरली घागर उचलवेना. आता आम्हाला भरपाई आठवली.

औरादच्या कोर्टातल्या वकिलानं दोनच गोष्टी मागितल्या: पोलिसातली फिर्याद आणि दवाखान्याचा कागद. दोन्ही नव्हतं. बिदरच्या वकिलानं आधी फी सांगितली. ती ऐकून अप्पा उठायला गेले आणि पाय न टेकल्यामुळे परत खाली बसले. भालकीच्या तिसऱ्यानं मात्र चहा मागवला. फी नको, मिळेल त्यातला तिसरा हिस्सा द्या, म्हणाला.

भरपाईत वाटा मागणं वकिलाला नियमानं चालत नाही, हे मी त्याला ऐकवलं. तो रागावला नाही.

"अक्का, तुमचं बरोबर हाय. मग फी ठिवा की टेबलावर."

माझ्याकडे ठेवायला काही नव्हतं. त्यानं एक कन्नड कागद पुढे सरकवला. मी मराठी शाळेतली, कन्नड अक्षरं लावत लावत वाचते. अप्पांना कळावं म्हणून मराठी करून मोठ्यानं सांगत गेले. अपघात गेल्या सोमवारी झाला. जखमीला तिथून थेट दवाखान्यात आणलं. हाडवैद्य त्यात कुठेच नव्हता. दवाखान्याचं मी बघतो, वकील म्हणाला. त्या कागदाखाली पाच कोरे कागद होते.

"हे खोटं आहे," मी म्हणाले.

"पाय मोडलाय ते खरं हाय न्हवं? पर ते लिवलंय कुठं?"

प्रत्येक पत्रक वाचून झालं की अप्पा मला विचारायचे, मग आपण काय करायचं? माझं उत्तर तयार असायचं. आताही ते तसेच बघत होते.

"तूच सांग. करू का सही?"

मी त्यांच्या पायाकडे बघितलं. नाही म्हणायला तोंड उघडलं, पण मग काय करायचं, हे मला सांगता येत नव्हतं. अप्पांनी पेन घेतलं. मराठीत, एकेक अक्षर जपून, त्यांनी नाव लिहिलं. मग कोऱ्या कागदांवरही.

वर पंखा फिरत होता. कागद उडू नयेत म्हणून मी ते हातानं दाबून धरले होते.