घरची फुंकर

दुपारचे तीन वाजलेत. गडहिंग्लजच्या बाजारपेठेत दीड वर्ष बंद असलेल्या एका चिमुकल्या सोनारी दुकानात वैजयंता बैठ्या मेजावर डोकं टेकून बसली आहे आणि तिचे डोळे जड होत चाललेत. झोप म्हणावी तर बाहेरच्या टेम्पोवाल्याची बडबड ऐकू येते. जाग म्हणावी तर त्या बडबडीचा अर्थ लागत नाही. छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं होतंय. हे दीड वर्ष असंच चाललंय. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, हृदय ठणठणीत आहे म्हणाले आणि सगळं जग सांगतं तेच सांगून मोकळे झाले, की मोठे श्वास घ्या.

परवा तिच्या एकुलत्या एका लेकीचं, ऋजुताचं, लग्न आहे. मंगळसूत्राची सासरची वाटी येऊन पोचली. माहेरची वाटी अप्पांनी, म्हणजे वैजयंताच्या वडिलांनी, दीड वर्षापूर्वी वारण्याआधी घडवून ठेवली होती. फक्त तिची कडी जोडायची राहिली. अप्पांच्या पोतदार घराण्यात ही कडी लग्नाच्या आठवड्यात, घरच्याच माणसाच्या फुंकरीनं जोडायची रीत आहे. घरचं माणूस आता वैजयंताच. दिव्याच्या ज्योतीवर वाकड्या फुंकणीनं फुंकायचं, धातू तापला की डाग, म्हणजे जोड देणारा कण, वितळून बसतो. लहानपणी ती हे शिकली होती. पण सकाळपासून सरावाच्या दोन पितळी वाट्यांचा तिनं गोळा केलाय. ही तर अप्पांच्या हातची शेवटची चीज. हिचाही गोळा झाला, तर पोरीला काय तोंड दाखवायचं?

"मोठे श्वास घेतीस, म्हणून हुतंय तसं," समोरून आवाज येतो.

अप्पा मांडी घालून बसलेत. अंगात गंजीफ्रॉक, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. गेलेल्या माणसाला बघून दचकायला हवं हे वैजयंताला कळतं, पण तिला दचकणं जमत नाही. उलट रागच येतो.

"अप्पा, दार लावलं होतं मी."

"माझंच दुकान हाय न्हवं?"

अप्पा दिवा जवळ ओढतात. बघते तर दिवा दवाखान्यातल्या खाटेशेजारच्या कपाटावर आहे. दुकानाची फरशी पांढरीशुभ्र झालीय, लांबवर हिरवे पडदे आहेत आणि सलाईनच्या दांडीला सोनाराचा छोटा तराजू लटकतोय. नर्सबाई पेटत्या दिव्याकडे बघून पुढे जातात. ह्याच खाटेवर अप्पा शेवटचे अकरा दिवस होते. आज खाट रिकामी आहे, चादर घडी घालून ठेवलीय.

"फुंक बघू," अप्पा म्हणतात.

वैजयंता छाती भरून घेते आणि फुंकते. ज्योत भस्सकन उसळते. लगेच तिचा दम संपतो आणि ज्योत लुळी पडते.

"अगं, भरल्या घागरीत आणि किती वततीस? आदी सोड."

"काय सोडू?"

"हाय तेवढं समदं. नाकानं, सावकाश. मग घ्यायला जाऊ नकोस. ते आपसूक येतंय."

ती सोडते. बराच वेळ सोडत राहते. एवढं आत साठलं होतं याचं तिलाच नवल वाटतं. मग क्षणभर काहीच नसतं, आणि न बोलावता वारा आत येतो, थेट पोटापर्यंत.

"आता गालात हवा धर. गालानं फुंकायचं, नाकानं घ्यायचं. तू कवा श्वास घेतलास ते ज्योतीला कळता कामा नये."

ज्योत आडवी होते, निळी आणि बारीक. तेवढ्यात वैजयंताच्या मनात आचारी, रुखवत, रुसलेली नणंद, सगळे दाटीवाटीनं घुसतात. ज्योत हलते.

"मन गेलं न्हवं? जाऊ दे," अप्पा वर न बघताच म्हणतात. "त्याच्या मागनं पळू नकोस. तू हितं ये परत."

ती परत येते. पुन्हा जाते, पुन्हा येते. अप्पांना कसलीच घाई नाही. शेवटी ती फुंकणी खाली ठेवते.

"अप्पा, इथं मी तुमचे श्वास मोजत होते. मोजायचं थांबले की तुम्ही जाल, असं वाटायचं. भाजी चिरतानासुद्धा मी अजून मोजतच असते."

"ठावं हाय मला." अप्पा चष्मा काढून गंजीफ्रॉकला पुसतात. "तुझ्या मोजण्यानं एक बी वाढला न्हाई, पोरी. पर तू जवळ हुतीस, त्यानं लई बरं वाटत हुतं. माझे संपले. आता तुझे तू घे."

पडद्यांमागे टेम्पोवाला ओरडतोय. पडद्यांचं दुकानाचं शटर होतं, आणि "मागं घ्या, मागं घ्या" हे शब्द तिला स्वच्छ कळतात.

वैजयंता जागी होते. दुकानात कुणी नाही. पण तिचे दोन्ही गाल दुखतायत, तासभर फुंकल्यावर दुखतात तसे. ती ओठांवरून बोट फिरवते. खालच्या ओठावर फुंकणीच्या तोंडाचा गोल वळ आहे, अजून खोल. फुंकणी मात्र खणातच आहे, झोपण्याआधी तिनंच फडक्यात गुंडाळून ठेवलेली.

ती फुंकणी काढते, दिवा लावते आणि आधी सगळं सोडते.

ऋजुता दुकानात येते तेव्हा डाग वितळून नुकताच चकाकून बसलाय. वैजयंता वाटी निवू देते आणि लेकीच्या तळहातावर ठेवते. कडी सरळ बसलीय. ऋजुता खुशीत मान वर करते, तर आई घळाघळा रडतेय. दीड वर्षात कुणी तिला रडताना पाहिलेलं नाही.

"आई, काय झालं?"

"अप्पा गेले गं," वैजयंता सांगते, आत्ताच निरोप आल्यासारखं.

ऋजुता वाटी मुठीत धरते आणि आईला टेकून खाली बसते.