दोन खवले

संग्रहालयात त्यांना सगळे मोजणीकाकू म्हणत. एकतीस वर्षं काम एकच: स्पिरिटच्या बरणीतला मासा चिमट्याने बशीत घ्यायचा, भिंगाखाली खवले मोजायचे आणि कागदावर तेवढेच काढायचे. त्याचा त्यांना भारी तोरा होता. खरं सांगायचं तर तो त्यांना शोभायचाही.

मग नव्या मॅडम आल्या, वयाने काकूंच्या लेकीएवढ्या. त्यांनी काकूंच्या नोकरीच्या पहिल्या वर्षातली एक बरणी उघडली. आत ओढ्यातले बोटाएवढे चंदेरी मासे. चिठ्ठीवर ओढ्याचं आणि नेहमीच्या जातीचं नाव, तिच्या कुशीवरच्या रेघेत चौतीस खवले असतात. काकूंच्या चित्रातही चौतीसच होते. बरणीतल्या प्रत्येक माशाला मात्र छत्तीस!

"काकू, तुमचं चित्र काही चुकायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "बरण्यांचीच अदलाबदल झालीय. हे मासे कुठल्या ओढ्यातले, आता देव जाणे. टाकूनच द्यावे लागतील."

काकूंना सगळं लख्ख आठवत होतं. चित्र बघून तेव्हाचे साहेब कडाडले होते, "अहो बाई, पुस्तकात चौतीस आहेत! तुमचा मासा पुस्तकापेक्षा शहाणा आहे काय? पुसा दोन!" नोकरी नवी, साहेब तापट. काकूंनी मुकाट्याने दोन पुसले आणि शेजारचे जरा फुगवून जागा भरली.

आता गप्प बसलं की झालं, कुणाला पत्ताही लागणार नव्हता. तोरा शाबूत, मासे कचऱ्यात. दुपारी काकूंना जेवण जाईना. डबा तसाच झाकून त्या चित्र घेऊन मॅडमच्या खोलीत गेल्या आणि कागद खिडकीशी तिरपा धरला. शेपटीजवळ पुसलेल्या पेन्सिलीचे वळ अजून होते.

"मीच पुसले," त्या म्हणाल्या. लाजेने कान तापले होते. "बरणी बरोबर आहे. चित्र खोटं आहे."

मॅडमनी त्याच ओढ्यावर जाऊन पाहिलं. मासे होते, छत्तीसवालेच. जात नवी ठरली. तिच्या वर्णनात 'जुन्या चित्रात दोन खवले कमी आहेत' हे वाक्य काकूंनी हट्टाने घालायला लावलं.

नवं चित्रही त्यांनीच काढलं. मॅडम ते निरखत म्हणाल्या, "काकू, पाठीवरचा पर जरा वाकडा वाटतोय. सरळ करता?"

काकूंनी बशी त्यांच्यापुढे सरकवली.

"आधी माशाचा करा. मग मी करते."