पाटकऱ्याचे जेवण

बारामतीला छोट्या गाडीतून उतरलो तेव्हा तोंडावर कोळशाची इतकी भुकटी होती की मोटारीच्या क्लीनरने मला टपावरच बसायला सांगितले. कन्हेरी मागे पडली आणि उजवीकडे कालवा दिसू लागला. ऐन वैशाखात काठोकाठ पाणी! आमचे खेडकडचे गाव कोरडवाहू. मी बराच वेळ मान वळवून बघत राहिलो.

घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. सुट्टीत काही समाजसेवा करावी असे मनापासून वाटत होते. निमगाव केतकीजवळ कालव्याच्या फाट्यावर, म्हणजे शाखेवर, पाणी सोडणारे पाटकरी दगडूराव मुलीच्या लग्नाला जाणार होते. तेवढे दिवस पाण्याचे दार सांभाळायला मी बिनपगारी तयार झालो. काम सोपे वाटले. पाण्याची पाळी शेवटच्या रानाची, हौसाबाईंच्या पानमळ्याची होती. वेल माना टाकू लागले होते. पाणी सोडायचे आणि वरच्या शेतकऱ्यांनी आपापल्या चारीचे तोंड बुजलेले ठेवायचे, एवढेच.

दगडूराव जाताना म्हणाले, "सगळ्यांच्या हितं जेवत जा."

मला तो पाहुणचार वाटला. त्यामुळे पहिल्याच शेताचे धनी आबा भाकरीचे फडके घेऊन आले तेव्हा मी हात जोडले.

"क्षमा करा. मी कुणाचेच खाणार नाही. सगळे मला सारखे."

"बरं," आबा म्हणाले आणि फडके उचलून चालते झाले. पुढच्या दोन्ही शेतांवर हेच झाले. मला स्वतःचा अभिमान वाटला. चुरमुरे खाऊन मी दारापाशी बसलो.

दुपारी हौसाबाई तरातरा आल्या. "पानी कुठं हाय रं?"

पाणी तर मी सोडले होते! बांधाने पळत गेलो. आबांच्या चारीचे तोंड सताड उघडे. चिखल आणि गोणपाट कोंबून बुजवले. पुढे गेलो तर तिसऱ्या शेताचे धनी तात्या, त्यांचेही उघडे. तेही बुजवले. परत फिरलो तर आबांचे पुन्हा उघडे आणि आबा उसात पाठमोरे.

"आबा, तोंड कुणी उघडले?"

"उंदीर लई झाल्यात, सायेब."

दुसऱ्या दिवशीही तेच. चिखलाने धोतर कडक झाले, टाचा फुटल्या, घसा बसला. तात्या तर खोऱ्यावर हनुवटी टेकवून माझी धावपळ बघत होते. "कालेजात पळायचं शिकिवत्यात व्हय?"

शेवटी हौसाबाईंपुढे जाऊन मी रडवेला झालो. "मी कुणाचा मिंधा नाही, तरी माझे कुणी ऐकत नाही!"

त्यांनी कपाळावर हात मारला. "आरं बाबा, दगडूभाऊ पाळीच्या आधी घरोघर जेवतो. आपल्या ताटात जेवल्याल्या मानसाला हितं कुनी फशिवत न्हाय. तू जेवलाच न्हाईस, मग त्यास्नी तुजी लाज कशाला? जा, जेव जा! माजी येलं जळायला लागल्यात."

असला नियम कुठे असतो? मी चरफडत आबांच्या दारात गेलो.

"आता भूक लागली व्हय?" आबा म्हणाले. भाकरी, आमटी, ठेचा. माझे ताट रिकामे होताच ते मुकाट उठले, खोरे घेतले आणि स्वतःच्या चारीचे तोंड असे तुडवून बुजवले की मुंगी शिरू नये. पुढच्या घरी पिठले. त्यांनीही बुजवले. तात्यांनी मात्र सूड घेतला. पुरणपोळीवर तुपाची धार धरून ते म्हणाले, "अजून एक. न्हायतर उंदीर ऐकायचे न्हाईत."

पोट धरून मी बांधाने निघालो. पाणी माझ्या पुढे होते. दिवस कलायच्या आत ते पानमळ्यात शिरले. हौसाबाई वेलांच्या बुडाशी बसून ओल्या मातीवर हात फिरवत होत्या. मग उठल्या.

"चल, पान वाढलंय."

"मावशी, तुमच्या पुढे ओढा आहे. तुम्ही कुणाचे पाणी चोरणार? मला कशाला जेवायला घालता?"

"व्हय, माज्या पुढं कोन न्हाय. पन तू उपाशी जाशील का माज्या दारातनं?"

पुन्हा जेवलो.

दगडूराव परतले तसा मी निघालो. पाळी कायद्याने मिळावी, भाकरीने नव्हे, हे माझे मत परतीच्या गाडीतही कायम होते. पण हौसाबाईंनी दिलेल्या पानांचा पुडा मी मांडीवरून खाली ठेवला नाही. ओल्या फडक्यात ती पाने पुण्यापर्यंत हिरवीगार राहिली.

वसतिगृहात मित्रांनी विचारले, "कालव्यावर काय सेवा केलीस?"

बरेच काही सांगायचे ठरवून आलो होतो.

"जेवलो," मी म्हणालो.