खाडा सापडला

माझं काम कोणाला समजावून सांगायची वेळ आली की मला घाम फुटतो. पुण्याच्या प्रयोगशाळेत इंग्रजीच्या आड लपता येतं. बाभुळगावला आमच्या ओसरीत बसलं की ती सोय नाही.

मोठ्या आईचं, म्हणजे माझ्या मोठ्या काकूचं, स्तनाच्या गाठीचं ऑपरेशन झालं आणि यवतमाळला किमो सुरू झाली. मी कॅन्सरच्या पेशींवर काम करते एवढं तिला ठाऊक होतं. एकदा तुरीच्या शेंगा सोलता सोलता तिनं मला धरलंच, "तू दिवसभर करतं काय, ते तं सांग."

मी सांगितलं. बाटलीत कॅन्सरच्या पेशी वाढवतो. प्रत्येक पेशीतला एक वेगळा जनुक मोडतो आणि कोणता मोडला त्याची खूण तिच्यातच ठेवतो. मग सगळ्यांना एकत्र वाढू द्यायचं आणि काही आठवड्यांनी खुणा मोजायच्या. जी खूण नाहीशी झाली, तिचा जनुक मोडल्यावर पेशी टिकली नाही. म्हणजे कॅन्सरला वाढायला तो लागत होता.

"म्हंजे खाडा कोणाचा पडला ते पाहता," ती म्हणाली.

आमच्याकडे कपाशीच्या तासात, म्हणजे ओळीत, बी उगवलं नाही तर खाडा, आणि निंदणाला, तण काढायला, बाई आली नाही तरी खाडाच. मोठी आई एके काळी बायांची टोळी घेऊन निंदणाला जायची. तो शब्द मला इतका आवडला की मी तो प्रयोगशाळेत रुळवला. माझी केरळची सहकारी त्याला 'काडा' म्हणते.

पुढे एका दुपारी निकाल आला. एका जनुकाची खूण जवळजवळ पुसली गेली होती, आणि प्रयोग पुन्हा केला तरी तेच. माझे पाय जमिनीवर नव्हते. बाहेर येऊन फोन लावला, "मोठी आई, सापडला! खाडा सापडला!" ती पलीकडे खूप वेळ हसत होती.

नंतर गावी गेले तर तिच्या डोक्यावर बारीक केस उगवलेले. किमो चालू असती तर ते आले नसते.

"यवतमाळले कधी गेलती?" मी विचारलं.

"नाही गेली. कायले जाऊ? तुले सापडला ना खाडा? आता औषध येईनच तुयं. ते सलाईन लावलं का तोंडाची चवच जाते."

"मोठी आई, खाडा सापडला म्हंजे औषध नाही सापडलं. चांगल्या पेशीलेबी तोच जनुक लागत असन, तं काही उपयोग नाही. मंग प्राण्यांवर पाहा, मंग माणसांवर. वर्षं जातात."

"मले भेटन का?"

हो म्हणणं किती सोपं होतं. "नाही," मी म्हटलं. "तुले नाही भेटन." मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

तिनं हातातलं तूर पाखडायचं सूप बाजूला सरकवलं. "मंग कोणासाठी करून राह्यली एवढं?"

ती आत गेली आणि भांड्यांवर राग काढू लागली. मीही चिडले होते, तिच्यावर आणि त्या लाडक्या शब्दावरही. रात्री तिनं भाकरी वाढली आणि लगेच अंथरुणावर पाठ करून पडली.

सकाळी उठले तर ती पातळ नेसून, पिशवी घेऊन ओसरीत बसलेली. "चाल. गाडी निंगून जाईन."

यवतमाळच्या एसटीत तिनं खिडकीजवळची जागा धरली. मग म्हणाली, "तुया त्या पेशी आज कोण पाहून राह्यलं?"

"मैत्रीण. त्याईले सारखं खाऊ घाला लागते. रविवार नाही, सण नाही."

"मंग तू खाडा नको पाडू. मीबी नाही पाडत."

डॉक्टर रागावले, नव्या तारखा दिल्या. त्यानंतर तिच्या किमोच्या दिवशी मी बाटल्यांपुढे बसलेली असते, हातमोजे घालून, फोन बाजूच्या टेबलावर स्पीकरवर. मागून वॉर्डातला गलका येतो. तिचा आवाज आता खोल गेलाय, नीट कान द्यावा लागतो. औषधाचं ती पुन्हा कधी विचारत नाही.

"मी आली," म्हणते. "तू?"