आईची झोप

वर्षभर माझी आई वेडी असायची आणि नवरात्राचे नऊ दिवस देवी. हे आमच्या वऱ्हाडातल्या किन्हीराजाकडच्या गावाने ठरवलं होतं. आम्हाला कोणी विचारलं नाही.

मोठ्या लढाईच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या, आधीची ही वर्षं. मी चौदाची होते. आई एकटीच बोलायची, थापलेल्या भाकरी अंगणात भिरकावायची, कधी भर उन्हात कपाशीच्या पऱ्हाटीत जाऊन नुसती उभी राहायची. ती विहिरीवर आली की बाया आपापल्या घागरी उचलून बाजूला व्हायच्या आणि पोरं खडे मारायची. कोणाची आई त्यांना दटावत नसे. मला मात्र एक कळलं होतं. झोप मोडली की आई बिघडायची, आणि पोटभर झोपली की मला जवळ बसवून वेणी घालून द्यायची. म्हणून मी तिच्या झोपेची राखण करायचे. अवेळी कोंबडा आरवला तरी त्याची मान मुरगळावीशी वाटे.

घट बसले की त्याच बाया ओट्या घेऊन हजर. आईचे केस मोकळे सोडून तिला पाटावर बसवायचं आणि कानाशी डफडं बडवायचं. ती घुमायला लागली की पायांवर डोकी! "माय, माह्या सुनेले लेकरू कवा होईन?" आई काहीतरी पुटपुटे, अर्थ त्यांचा त्या लावत. खडे मारणाऱ्या पोरांनाही मानेला धरून वाकवत. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाई.

त्या वर्षी अष्टमीच्या दुपारी आई पाटावरच कलंडली. घट बसल्यापासून तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. मी तिला धरून आत नेलं, गोधडीवर निजवलं आणि आतून कडी घातली. बाहेर डफडं चालूच होतं.

वडील दाराशी आले. "उघड वं. लोक खोळंबून राह्यले."

"तिले निजू द्या, बाबा. मरून जाईन आई."

ते हळू आवाजात म्हणाले, "पोरी, एवढेच दिवस लोक तिच्या पाया पडतात. मले तेवढं तरी पाहू दे."

मला दया यायला हवी होती. आला तो संताप. म्हणजे यांना सगळं दिसत होतं! आई जागी होईल म्हणून ओरडता येईना. दारावर तोंड टेकून, दातओठ खात मी म्हटलं, "अन् बाकीच्या दिवशी तिले खडे मारतात, तवा कुठी असता तुमी?"

बऱ्याच वेळाने अंगणातून त्यांचा आवाज ऐकू आला, "देवी निजली हाय. जा आता."

डफडं तिथल्या तिथे थांबलं. मी फटीतून पाहिलं. बाया पोरांच्या तोंडावर हात दाबून, पावलं न वाजवता, दाराकडे हात जोडत निघून गेल्या. माझी आई निजली आहे म्हटलं असतं, तर त्यांतली एकही जागची हलली नसती.