रद्द झालेल्या पेपरची दही-साखर

कोरोनामुळे दहावीची परीक्षा रद्द, सगळे पास, असं टीव्हीवर सांगितलं तेव्हा टाळ्या मीच वाजवल्या. माझी लेक मुक्ता पुन्हा पुस्तक उघडून बसली.

आज तिचा पहिला पेपर असता. सकाळी पाहते तर पोरगी गणवेश घालून टेबलाशी बसलेली. समोर जुनी प्रश्नपत्रिका, घड्याळ, पाण्याची बाटली.

"अगं, आता कशाला?"

"माहीत नाही, आई. वर्षभर पोटात गोळा यायचा. तो अजून येतोय."

परीक्षाच नाही, मग ही भीती कशाची? तिला उठवावं की लिहू द्यावं, मला कळेना. शेवटी वाटीत दही-साखर कालवली आणि नेहमीसारखी तिच्या हातावर ठेवली.

तिने ती खाल्ली, तळहात चाटला आणि विचारलं, "पण आई, तपासणार कोण?"